मोरीपाशी थांबणारी घोडी

माझ्या पाठीवर उजव्या खांद्यापासून खाली कमरेकडे गेलेला एक वळ आहे. आता तो पुसट झालाय, पण ब्लाऊजच्या गळ्याबाहेर त्याचं वरचं टोक दिसतं. शाळेत शिकवायला लागल्यावर एका सहकारी बाईंनी विचारलं होतं, "भाजलं होतं का हो लहानपणी?" मी हो म्हणाले. तो चाबकाचा वळ आहे आणि तो माझ्या दादाने मारलेला आहे. त्याच दादामुळे मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. ह्या दोन गोष्टी एका दमात सांगायची हिंमत यायला मला फार वर्षं लागली.

आमचे वडील बदलापूर स्टेशनवर टांगा चालवायचे. मी सातवीत होते. एक दिवस नाल ठोकताना आमचा काळा घोडा बिथरला आणि त्याची लाथ वडिलांच्या छातीत बसली. तिसऱ्या दिवशी ते गेले. दादा तेव्हा नववीत होता. दहावा-तेरावा उरकला आणि त्याने शाळेची पिशवी खुंटीला टांगली, ती पुन्हा काढली नाही. टांगा जुंपायच्या पहिल्या सकाळी त्याने त्या काळ्याला खुंट्याला आखूड बांधलं आणि हात दुखेपर्यंत मारलं. घोडा किंचाळत होता. शेवटी आईने मध्ये पडून चाबूक हिसकावून घेतला. मग दादा त्याच घोड्याच्या मानेला मिठी मारून रडला, आणि थोड्या वेळाने त्यालाच जुंपून स्टेशनवर गेला. पुढे आम्ही त्याच घोड्यावर जगलो. मला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा भावकीतले म्हणाले, पोरीला एवढं शिकवून काय करायचंय. दादा म्हणाला, "माझं राहिलं ते ती करंल. तुमी तुमचं बघा."

कॉलेज उल्हासनगरला. गावातून स्टेशनपर्यंत टांग्याने वीस मिनिटं लागत, पुढे लोकल. दादाची सकाळची खेप भाजीच्या टोपल्यांची, ती पहाटेच जायची. त्यानंतर तो स्टेशनच्या पूर्वेला कात्रपच्या बाजूला माणसं सोडत फिरायचा. माझ्या वेळेला तो कधीच गावाकडे नसायचा. म्हणून त्याने स्वतःच एका दोस्ताला सांगून ठेवलं होतं.

हा दोस्त मूळचा शहाडचा, म्हणून स्टँडवर सगळे त्याला शहाडवालाच म्हणायचे. मीही इथे तसंच म्हणते. दादाच्याच वयाचा, बारीक, हसताना मान खाली घालणारा. त्याची तांबूस घोडी होती, कपाळावर पांढरा पट्टा असलेली. दादा त्याला म्हणाला होता, "बहीण हाय माझी. रोज न्यायची, पैसं मी देईन, आणि वाटेत दुसरं गिऱ्हाईक बसवायचं नाय." शहाडवाला म्हणाला, "अरे यार, तुझी बहीण ती माझी..." आणि पुढचं काही बोललाच नाही. हे मला दादाने नंतर, फार नंतर सांगितलं. "त्याच दिशी मला कळायला पायजे होतं," असं म्हणून तो हसला होता.

आमच्या गावाबाहेर रस्त्याखालून ओढा जातो. तिथे दगडी मोरी आहे आणि दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचे कठडे. मी रोज सकाळी त्या कठड्यापाशी उभी राहायचे. सुरुवातीला शहाडवाला लगाम ओढून घोडी थांबवायचा. मी डब्यातला गुळाचा खडा घोडीला द्यायचे, कारण मला तिची भीती वाटायची आणि लाच दिली की ती लाथ मारणार नाही असं माझं गणित होतं. महिन्याभरात घोडी स्वतःच थांबायला लागली. लगाम ढिला असला तरी मोरीपाशी आली की चारही पाय रोवायची आणि मान माझ्याकडे लांब करायची.

"मी थांबवत नाही हां," शहाडवाला म्हणायचा. "उगाच माझ्यावर आळ नको."

"मग कोण थांबवतं?"

"तुम्ही नसलात ना, तर नाही थांबत. सुट्टीच्या दिवशी बघितलं मी. सरळ जाते. तुम्ही दिसलात की बस, मग मालक कोण ते विसरते."

आमचं बोलणं सुरू झालं ते घोडीमुळे. वीस मिनिटांत दोन माणसं किती बोलणार? पण दोन वर्षं रोज वीस मिनिटं म्हणजे कमी नाही. तो चौथी शिकलेला. मी इतिहासाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे, तो विचारायचा, "आज कोण कोणाला मारणार?" मी लढायांची गोष्ट सांगायचे. त्याला फक्त घोडदळाचं ऐकायचं असायचं. हात हातात घेणं वगैरे काही आमच्यात झालं नाही. एकदा उतरताना माझी चप्पल तुटली, ती त्याने लगामाच्या दोऱ्याने शिवून दिली. एवढंच. पण मला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं.

बिघडलं ते दोन घोड्यांवरून. स्टेशनच्या रस्त्यावर टांगेवाले आपापसांत टांगे पळवायचे. मागचा पुढे जाऊ लागला की पुढचा चाबूक उगारायचा, गिऱ्हाईक ओरडायचं, हे रोजचंच. आमचा काळा एके काळी स्टँडवरचा राजा होता. पण तो आता थकत चालला होता आणि शहाडवाल्याची घोडी ऐन भरात होती. माझ्या शेवटच्या वर्षी, थंडी सरताना, तिने भर रस्त्यात काळ्याला मागे टाकलं. दादाच्या टांग्यात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती आणि स्टँडवर पंधरा-वीस टांगेवाले बघत होते.

"काय रं," एकाने दादाला विचारलं, "काळ्याला आता पेन्शनीत काढायचा का?"

दादा हसला. पण त्याच माणसाने पुढे जीभ सैल सोडली. "घोडी पुढं जाणारच ना. तिला रोज गूळ मिळतो मोरीवर. कोण भरवतो, तुला म्हायती नाय का?"

दादाने चाबकाची मूठ त्याच्या तोंडावर मारली. दोन दात पडले. लोकांनी सोडवलं नसतं तर आणखी काय झालं असतं सांगता येत नाही. मग तो टांगा तसाच उभा सोडून चालत घरी आला.

दुपारची वेळ होती. मी ओट्यावर वाचत बसले होते. दादाने काही विचारलं नाही. पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा मला वाटलं, वरून काहीतरी पडलं. दुसरा हातावर. मी आत पळाले तर तो मागे आला. जनावराच्या चाबकाला टोकाशी चामड्याची बारीक वादी असते, ती लागते तिथे कातडी उघडते. आई ओरडत होती, "अरं मारू नको, परीक्षा हाय तिची!" ते ऐकून तो आणखी पेटला. त्याने माझी पुस्तकं उचलली आणि अंगणातल्या घोड्याच्या हौदात फेकली. एकेक करून. वह्या वर तरंगल्या, इतिहासाचं जाड पुस्तक बुडालं.

"कॉलेज बंद," तो म्हणाला. "पालेगावच्या स्थळाला उद्या होकार कळवतो. मी काळ्याच्या ढुंगणाचा वास घेत मेलो हिच्यासाठी, आणि ही तिकडं गूळ वाटते!"

मी पाठीला हळद लावून पालथी पडले होते आणि आई चुलीपाशी एकेक पान सुकवत होती. तिला अक्षर येत नव्हतं. पानं उलटसुलट लागत होती. मला आठवतं, मारापेक्षा त्या पानांनी मला जास्त रडवलं.

पुढचे तीन आठवडे मी घराबाहेर पडले नाही. दादा घरात असला की आम्ही तिघंही गप्प. एका संध्याकाळी जेवताना तोच बोलला, आईकडे बघून, मी तिथे नसल्यासारखं.

"येडा हाय तो शहाडवाला. आज भर स्टँडवर मला म्हणतो, शर्यत लाव. नदीपासून मोरीवरून रेल्वेच्या फाटकापर्यंत. मी म्हटलं, हारलास तर? म्हणतो, हारलो तर हे स्टँड सोडून जातो, परत तोंड दाखवणार नाही."

"आन् जिंकला तर?" आईने विचारलं.

दादाने घास गिळला. मला वाटलं आता माझं नाव निघणार, लग्नाचं निघणार. माझ्या पाठीवरची जखम पुन्हा ठणकायला लागली.

"म्हणतो, तिला परीक्षेला बसव. बस. बाकी काय नको म्हणतो." दादाने ताट पुढे सरकवलं. "वीस माणसांसमोर बोलला भडवा. मी काय नाय म्हणू?"

शर्यत धुळवडीनंतरच्या रविवारी सकाळी ठरली. माझी परीक्षा त्यानंतर पंधरा दिवसांनी होती. मी ती परीक्षा देणार की नाही हे एका घोडीच्या पायांवर आलं होतं आणि मला त्यावर काही बोलता येत नव्हतं.

त्या सकाळी दादा तासभर आधी काळ्याला घेऊन नदीकडे गेला. जाताना त्याने चाबकाला नवी वादी बांधली. मी दारात उभी होते. आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाऊन ये. नायतर इथं जीव घेशील स्वतःचा. पण गर्दीत नको जाऊ, लोक नावं ठेवतील. मोरीपाशी उभी राहा. तिथं तू रोजच असायचीस, कोण इचारणार नाय."

मलाही ते पटलं. कुणी विचारलंच तर मैत्रिणीकडे अभ्यासाला चालले म्हणून सांगता यावं, म्हणून मी कॉलेजची पिशवी खांद्याला लावली. रोजची निळी साडी नेसले. आईच्या आणि माझ्या, दोघींच्याही डोक्यात माणसं होती. घोडी आमच्या दोघींच्याही डोक्यात आली नाही.

शर्यतीत घोड्याच्या डोळ्यांवरची झापडं काढतात. बाजूचा घोडा दिसला की जनावर चिडून पळतं. शहाडवाल्यानेही काढली होती. आठवडाभर त्याने तिला ह्याच रस्त्यावर पळवून तयार केलं होतं आणि ती कुठेच अडली नव्हती. कशी अडेल? त्या आठवड्यात मी मोरीवर नव्हते.

आधी आवाज आला. घोड्यांचे नाल डांबरावर आपटत होते, आणि माणसं ओरडत होती. मग वळणावरून दोन्ही टांगे एकदमच बाहेर पडले. रस्ता दोन टांग्यांपुरताच. चाकांचे मधले तुंबे एकमेकांवर घासत होते. काळ्याच्या तोंडातून लाल फेस येत होता. दादा उभा राहून मारत होता, आधी घोड्याला, मग बाजूच्या घोडीला, आणि मग मी पाहिलं की त्याचा चाबूक शहाडवाल्याच्या तोंडावर बसला. गालापासून कानापर्यंत चामडी फाटली. शहाडवाल्याने हात वर केला नाही. तो पुढे वाकून घोडीच्या कानाशी काहीतरी ओरडत राहिला. त्याच्याजवळ चाबूक होता की नाही ते मला दिसलं नाही. घोडी सुटली. अर्धा टांगा पुढे, मग पुरा टांगा. दादा तिच्या मागे अडकला. मी माझ्याच नकळत दोन पावलं कठड्याच्या पुढे आले.

आणि घोडीने मला पाहिलं.

तिचे कान उभे राहिले. दोन वर्षं रोज उभे राहायचे तसे. ती भरधाव होती आणि तिने चारही पाय रोवले. नालांखालून ठिणग्या उडाल्या. टांगा मागून तिच्यावर चढला, एक दांडी आणि एक चाक मोडलं आणि शहाडवाला तिच्या डोक्यावरून उडून मोरीच्या कठड्यावर आपटला. त्याच्या मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दादाला वळायला जागा नव्हती. काळा बाजूला झाला, पण दादाच्या टांग्याची दांडी घोडीच्या बरगडीत घुसली आणि पोट फाडत गेली.

घोडी उभीच होती. पोटातून रक्ताची धार लागली होती, एक मागचा पाय लटकत होता, आणि तिने मान माझ्याकडे लांब केली. तिला गूळ हवा होता. माझ्याकडे त्या दिवशी गूळ नव्हता. मग तिचे पुढचे गुडघे वाकले.

लोक धावत आले. शहाडवाल्याची बाजू घेणारी पोरं जास्त होती, त्यांनी त्याच्यावर पैसेही लावले होते. कुणीतरी ओरडलं, "घोडी अशी थांबते का? ह्याने काहीतरी केलंय!" दुसरा म्हणाला, "सकाळी चाऱ्यात काहीतरी घातलं!" "रस्त्यात लिंबू टाकलं असंल, बघा!" मग सगळे दादावर तुटून पडले. मोडलेल्या चाकाचे लाकडी आरे त्यांच्या हातात आले. पहिला आरा त्याच्या खांद्यावर बसला. दादा अंगाने दणकट, एरवी चार जणांना पुरून उरला असता. त्याने मान वर केली, गर्दीतून त्याला मी दिसले. पिशवी खांद्याला, निळी साडी, मोरीचा कठडा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पडलेल्या घोडीकडे, जिची मान अजून माझ्या दिशेला होती. त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर ते कळलेलं मी पाहिलं.

"बोल! काय खायला घातलंस?"

"माझी चूक हाय," दादा म्हणाला.

"काय घातलंस?"

"माझी चूक हाय. मारा."

त्यांनी मारलं. तो खाली पडल्यावर लाथांनी मारलं. एक आरा डाव्या डोळ्यावर बसला. त्याने हात वर केले नाहीत. मी दहा पावलांवर होते. एक वाक्य बोलले असते तर ते थांबले असते: घोडी माझ्यासाठी थांबली. मी ते बोलले नाही. माझ्या तोंडातून आवाजच निघाला नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी घाबरले होते. ते वाक्य बोललं की उद्यापासून मी कोण होईन, ह्याला मी घाबरले होते.

दुपारी जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन घोडीला सुई दिली. शहाडवाल्याला कुणाच्या तरी टेम्पोत घालून उल्हासनगरच्या दवाखान्यात नेलं.

आठ दिवसांनी आई मला त्याला बघायला घेऊन गेली. दादाला विचारलं नाही, दादानेही विचारलं नाही. शहाडवाल्याचा पाय वजनाला टांगलेला होता आणि गालावर टाके होते. मी म्हणाले, "मी तिथे उभी राहायला नको होतं."

 तो छताकडे बघत म्हणाला, "तिची काही चूक नाही. तिला जे शिकवलं ते तिने केलं. शर्यत मी शिकवली आठ दिवस, थांबायला तुम्ही शिकवलं दोन वर्षं." मग आईकडे वळून म्हणाला, "मावशी, शर्यत मी हरलो. बोलल्याप्रमाणे जातो मी. पण पेपर आहे ना तिचा? तेवढं तिच्या दादाला सांगा." आईने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. ती त्याची आणि आमची शेवटची भेट. पाय आखूड राहिला म्हणून ऐकलं, शहाडला भावाच्या दुकानात बसतो म्हणून ऐकलं, लग्न झालं म्हणूनही ऐकलं. मी कधी गेले नाही.

दादाचा डावा डोळा परत आला नाही. काही वर्षांत रिक्षा आल्या आणि टांग्यांचं स्टँड संपलं. एका डोळ्याच्या माणसाला रिक्षाचं लायसन्स कोण देणार? तो अंबरनाथला एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. पालेगावच्या स्थळाचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. माझं लग्न पुढे माझ्या पसंतीने, नोकरी लागल्यावर झालं. स्टँडवरची माणसं मात्र शेवटपर्यंत त्याला "घोडीला विष घालणारा" म्हणत राहिली. माझ्या पहिल्या पगारातून मी त्याला चष्मा केला, एक काच काळी. नव्वद सालानंतर कधीतरी मी त्याला विचारलं, "दादा, त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? घोडी माझ्या बहिणीसाठी थांबली म्हणून?" तो म्हणाला. "मग त्या लोकांनी तुला सोडली असती का? मला मारून त्यांचं भागलं." मग म्हणाला, "आन् तुझ्यावर मी आधीच हात उचलला होता. ते फिटायचं होतं."  त्याने केलेलं मी विसरले नाही आणि त्याने सोसलेलंही विसरले नाही. दोन्ही माझ्या अंगावर आहेत.

पण मला सांगायचं आहे ते पहिल्या पेपरच्या सकाळचं. मी आशा सोडली होती. शर्यतीत दोघांपैकी कुणाचाच टांगा फाटकापर्यंत पोचला नव्हता, पण शहाडवाला स्वतः हरलो म्हणाला होता, आणि दादाने एका शब्दाने काही बदलल्याचं सांगितलं नव्हतं. तरी मी आईने सुकवलेली पानं लावून, उलटसुलट असतील ती जुळवून, वाचत राहिले होते. त्या सकाळी अंगणात खुरांचा आवाज आला. दादाने काळ्याला जुंपलं होतं. डोक्याला पट्टी, डाव्या डोळ्यावर कापसाचा बोळा, एक हात गळ्यात. एका हाताने जुंपलं होतं, म्हणून कातडी पट्टा वाकडा बसला होता.

"बस," तो म्हणाला. "उशीर होईल."

आई दाराआड रडत होती. मी मागच्या पाटावर बसले. गावाबाहेर आलो आणि मोरी जवळ आली. डांबरावर अजून काळा डाग होता. काळा घोडा थांबणारा नव्हता, त्याला ती सवय नव्हती. दादाने लगाम ओढला.

मी घाबरले. मला वाटलं, इथेच उतरवतो.

त्याने मागे पाहिलं नाही. "इथंच थांबायची ना ती?"

"हो."

"किती वेळ?"

"गूळ खाईपर्यंत."

दादाने लगाम मांडीवर ठेवला. काळा शेपटीने माश्या हाकलत उभा राहिला. गूळ खायला घोडीला जितका वेळ लागायचा तितका वेळ आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. मग दादाने जीभ टाळूला लावून आवाज केला, चाबूक उचलला नाही, आणि काळा स्टेशनच्या दिशेने चालू लागला.